बाही वर करा

रविवार, २ जून

विहीणबाई,

मायना एवढाच. आपल्यात सध्या बोलणं नाही, तेव्हा 'सप्रेम' लिहिलं तर खोटं होईल, आणि नमस्कार आधी कोणी करायचा हे नातीच्या वाढदिवसापासून ठरायचं राहिलंय. तुम्ही माझा फोन उचलत नाही. पत्र मात्र उचलावंच लागतं, नाहीतर ते दारात पायाखाली येतं. म्हणून पत्र.

उद्यापासून सूनबाई पुन्हा कामावर जाणार. माझा मुलगा ट्रक घेऊन निम्मा आठवडा बाहेरच असतो. म्हणजे दिवसभर ठिणगी माझ्याकडे. तुम्हाला हे नाव आवडत नाही, ठाऊक आहे. "पोरीला कुणी ठिणगी म्हणतं का!" पण मी ठिणगी म्हटलं की ती वळून बघते, आणि कागदावरच्या नावाने हाक मारली की भिंतीकडे बघत बसते. तुमच्या मुलीने मला समोर बसवून सांगितलंय, "बाबा, हा महिना बघू. ती तुमच्याकडे नीट जेवली तर इथेच राहील. नाही जेवली तर आईकडे पाठवावी लागेल, शाळेचं वय होईपर्यंत." तुमचं गाव बसने अख्ख्या दिवसाचं. आमची ही गेल्यापासून ह्या घरात आवाज असा त्या पोरीचाच आहे. तेव्हा हा महिना माझ्यासाठी काय आहे ते वेगळं लिहीत नाही.

तयारी ऐका. पुढे दुकान, मागे घर, मध्ये मी स्वतः बसवलेलं फाटक, कडी माझ्या खांद्याच्या उंचीवर. आगीचं सगळं काम सूनबाई घरी परतल्यावरच. स्वयंपाकघरात पातेल्यांचे दांडे भिंतीकडे वळवलेले. गरम भांडं ओट्याच्या मागच्या अंगाला, कडेला कधीच नाही. टेबलावरचं कापड काढून टाकलंय, कारण पोर कापड ओढतं आणि वरचं सगळं अंगावर घेतं. हे मला कुणी शिकवलेलं नाही. मला कुणीच काही शिकवलेलं नाही. गाड्यांचे गळके रेडिएटर उघडून, आधी बिघडवून, मग जोडून शिकलो, आणि आज पलीकडच्या गल्लीतले मेकॅनिक त्यांना न जमलेला रेडिएटर कापडात झाकून माझ्याकडे आणतात. तांबं किती तापलंय ते मी रंगावरून सांगतो.

आणि अशा माणसाच्या हातून तुम्ही भरल्या घरात सूपची वाटी काढून घेतलीत. "तुमच्या हातांना गरम लागत नाही, तुम्ही नका तपासू." माझ्या हातांबद्दल! लोक हसले. मी हसलो नाही आणि केक न खाता निघालो, हे तुम्ही पाहिलंतच.

महिनाअखेरीस बघू कुणाच्या हातांना काय कळतं ते.

रेडिएटरवाला
(पाठीमागे तुम्ही असंच म्हणता, कळलंय मला.)


रविवार, ९ जून

विहीणबाई,

आठवडा उत्तम गेला.

दूध कसं देतो ते सांगतो, म्हणजे तुम्हाला झोप लागेल. पातेल्यात तापवतो. मायक्रोवेव्हमध्ये नाही, कारण त्यात बाटली बाहेरून गार लागते आणि आत एखाद्या ठिकाणी दूध चटका देणारं असतं. शेजारच्या शिंप्याच्या घरी हे घडलंय. मग पेल्यात ओतायचं, तळापासून ढवळायचं, आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब. काहीच जाणवलं नाही की दूध अंगाइतकं झालं, द्यायला हरकत नाही. पुस्तकात हेच लिहिलंय, मी आणून वाचलं. फुंकर मी घालत नाही. फुंकरीने वरचाच थर गार होतो आणि आपल्या तोंडातलं सगळं तिच्या वाटीत जातं. तुम्ही फुंकर घालता. असो.

दर वेळी मनगट. दर वेळी काही जाणवलं नाही. एकदाही चूक नाही.

आता खाणं. केळं आवडीने खाते. दही आवडीने खाते. बिस्किटाला नाही म्हणत नाही. भात थोडा उरतो. थोडा म्हणजे वाटीत जेवढा घातला तेवढा. सूप ओठांपर्यंत छान जातं. चमचा जवळ आला की ओठ असे मिटते की तसा सांधा मला पितळेलासुद्धा बसवता येणार नाही. बुधवारी रडली, दात येत असतील. एक नवा शब्द मात्र शिकलीय: "फू." दिवसभर वाटीकडे बघून "फू, फू" चाललेलं असतं. हा कुणाकडून उचलला ते मी बोलत नाही.

सूनबाई म्हणते फ्रॉक सैल होतोय. मी म्हटलं, धुतला की होतो.

तुमचा निरोपही मिळाला. "त्यांना म्हणावं, भाषण नको, पोरगी जेवली का तेवढं सांगा." सूनबाईने तो दिला नाही, तिच्या फोनचा आवाज मोठा आहे. तर उत्तर असं, की आठवडा उत्तम गेला हे मी वर लिहिलेलंच आहे.

रेडिएटरवाला


शनिवार, १५ जून

विहीणबाई,

हे पत्र कुणाला वाचून दाखवू नका.

काल शेजारचा शिंपी आला होता. तुम्ही त्याला वाढदिवसाला पाहिलंय, गळ्यात टेप घालून केक खाणारा. जिभेला हाड नसलेला माणूस, पण माझा जुना दोस्त. मी ठिणगीला मांडीवर घेऊन दूध पाजायच्या खटपटीत होतो आणि ती मान इकडून तिकडे फिरवत होती. "आणा इकडे, मी बघतो," म्हणून त्याने पेला घेतला, आणि झटक्यात टेबलावर ठेवला. करंगळीवर सांडलं होतं.

"अहो, काय पाजताय पोरीला?"

"दूध. तपासलेलं आहे."

"कुणी तपासलं? इंजिनाने?"

मी त्याच्यादेखत मनगटावर थेंब पाडला. काही नाही. पुन्हा पाडला. काही नाही. शिंपी माझ्या तोंडाकडे बघायला लागला. "तुम्ही पातेलं फडक्याशिवाय उतरवता," तो म्हणाला, "उकळता चहा घोटाघोटाने पिता. इतकी वर्षं मला वाटायचं, मिजास आहे."

मला अर्धवट गोष्ट चालत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. म्हटलं, तपासून घेऊ. ठिणगीला खाटेवर बसवलं, तिच्या हातात लाटणं दिलं, आणि शिंप्याने दूर ओट्यावर दोन पेले भरले, एकात गार पाणी, एकात चांगलं ऊन. मी डोळे मिटले. त्याने चमच्याने मनगटावर थेंब सोडला.

"गार की गरम?"

"गार."

"गरम होतं. आता?"

"हेही गार."

"हेही गरमच होतं. आणि आता?"

"हे मात्र गरम."

"हे गार," शिंपी म्हणाला. त्याच्या आवाजातली चेष्टा गेली होती.

मग तो थेंब थेंब वर सरकत गेला. मनगटाच्या वर, तिथून कोपरापर्यंत, दोन्ही हातांना. जिथे जिथे ज्योतीची धग आणि उडालेलं कथील लागत आलंय तिथे कातडं नुसतं नावाला आहे. कोपराच्या वळणावर काहीतरी ऊन लागल्यासारखं वाटलं. त्याच्याही वर, दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे धग कधी पोचली नाही, तिथे थेंब पडला आणि मी "आई गं!" करून उभा राहिलो. ठिणगीने लाटणं टाकून टाळ्या वाजवल्या. शिंप्याने खिशातून निळा खडू काढला आणि माझ्या दंडावर रेघ मारली, कापडावर मारतात तशी.

"इथून खाली तुम्ही रेडिएटर," तो म्हणाला, "इथून वर माणूस."

रेघ अजून आहे. मी ती धुतलेली नाही.

दात येत नव्हते, विहीणबाई. ती "फू" म्हणत होती ते खेळ नव्हता. पोरगी सारखी मला सांगत होती की गरम आहे, आणि मी पुस्तक वाचत होतो. लगेच डॉक्टरबाईंकडे घेऊन गेलो. जीभ, ओठ, टाळू, सगळं बघितलं त्यांनी. काही झालेलं नाही. चटका पोचायच्या आधीच ती तोंड मिटत होती. त्या म्हणाल्या, "हुशार आहे हो नात." मी घरी येईपर्यंत तिला खाली ठेवली नाही.

तर वाढदिवसाचं तुमचं ते वाक्य बरोबर होतं. सांगायची रीत बरोबर नव्हती, तो वेगळा विषय. वाक्य बरोबर होतं.

सूनबाईला सगळं सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी आईला बोलावते. ती बघेल आणि ती ठरवेल." बरोबरच आहे तिचं. या तुम्ही.

शनिवार यायला अजून अवकाश आहे, आणि मी हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतला नाही.

ठिणगीचा आबा


गुरुवार, २० जून

विहीणबाई,

जेवली!

वाटीभर भात, वर गाजराचं सूप, आणि शेवटी वाटी स्वतःच्या डोक्यावर घातली. मी असा ओरडलो की शिंपी हातातली कात्री घेऊनच धावत आला. "काय झालं, काय झालं?" म्हटलं, "काही झालं नाही, संपलं! वाटी बघा!" त्याने वाटी बघितली, पोरीच्या केसांतली शितं बघितली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. दुकानात एक गिऱ्हाईक थांबलेलं होतं, त्यालाही मी वाटी दाखवली. त्याला पोरंबाळं नसावीत. "छान आहे," म्हणाला, स्टीलची वाटी आवडल्यासारखं.

कसं केलं ते नीट वाचा. खोल वाटीत भात गार होत नाही. वर कोमट लागतो आणि मध्ये धग धरून बसतो, जाड पत्र्यासारखा. म्हणून आधी पसरट ताटलीत घालायचा, चमच्याने पातळ पसरायचा, प्रत्येक गोळा फोडायचा, खालचा वर करायचा. मग थांबायचं. ह्या थांबण्याला माझ्या धंद्यात फार किंमत आहे. घाई केली की सांधा तडकतो. मग थर्मामीटर. होय, आणलाय, बारीक सळईचा, स्वयंपाकघरातला. तो मधोमध खुपसायचा, कडेला नाही. आणि शेवटी बाही वर करून दंडाच्या आतल्या बाजूला, खडूच्या रेघेच्या वर, चमचाभर भात टेकवायचा. सळई आणि दंड दोघांचं एकमत झालं तरच वाटीत. दुधाचंही तसंच.

सोमवारी तिने पहिला घास घेतला. घेतला म्हणजे, आधी "फू" म्हणाली, मी म्हटलं, "नाही गं राणी, फू नाही, बघ," आणि माझा दंड दाखवला. तिने माझ्या दंडावरचं शीत उचललं, तोंडात घातलं, विचार केला. मी आजवर कुणाच्या तोंडाकडे इतकं बघितलेलं नाही. मग ओठ उघडले.

दुसऱ्या घासाला चमचा तिने ओढूनच घेतला.

आता नवीनच सुरू झालंय. माझं तपासून झालं की ती स्वतःची बाही वर ओढते आणि दंड पुढे करते. तिच्या दंडावर टेकवल्याशिवाय काही तोंडात घेत नाही. दही टेकवावं लागतं. केळं टेकवावं लागतं. काल बाहुलीचंही टेकवलं. सूनबाई दारात उभी राहून बघत होती. मग तिने आत जाऊन नवऱ्याला फोन लावला, आणि तिच्या फोनचा आवाज मोठा असला तरी मुद्दाम मी दुकानात गेलो.

शनिवारी या. बॅग रिकामी आणणार असाल, कारण पोरीचे कपडे न्यायचे असतील. आणा. रिकामीच परत न्याल.

ठिणगीचा आबा


मंगळवार, २ जुलै

प्रिय विहीणबाई,

नमस्कार. घ्या, मीच आधी केला.

तुम्ही इथे होतात, सगळं तुमच्या डोळ्यांसमोर झालं, तरी लिहायला बसलोय, कारण सूनबाईकडून कळलं की तिकडे तुम्ही सगळ्यांना सांगताय की बस वेळेआधी सुटली. तेव्हा जे झालं ते जसंच्या तसं कागदावर असलेलं बरं.

त्या शनिवारी, बावीस तारखेला, तुम्ही आलात ते चप्पल काढून थेट ओट्याशी. "आजचं मी करते. वसतिगृहात इतकी वर्षं पोरं जेवून गेली माझ्या हाताखालून, एकाची तक्रार नाही." थर्मामीटरकडे बघून म्हणालात, "पोरगी आहे ती, तापलेला रेडिएटर नाही." मी गप्प. हे मला किती जड गेलं ते शिंप्याला विचारा. तो खिडकीतून बघत होता.

तुम्ही बटाटा उकडलात, सोललात, कुस्करलात, लोणी घातलंत. वास असा सुटला की खिडकीतून खाकरणं ऐकू आलं. मग बोट टेकवलंत. "झालाय गार."

"मधला गोळा फोडा," मी म्हणालो.

"अहो, बोट लावलंय मी."

"बाहेर लावलंय. आत धग असते."

"मला बटाटा शिकवता?"

"बटाटा नाही. धग."

तुम्ही गोळा फोडलात, खरं तर माझ्या नावाने फोडलात, आणि आतून वाफ निघाली. खुर्चीतून ठिणगी म्हणाली, "फू!" सूनबाईने फ्रिज उघडला आणि त्यात डोकं घातलं. तिला काही हवं नव्हतं. ती हसत होती.

"मोठा राहिला होता गोळा," तुम्ही म्हणालात. "एवढा काही गरम नाही." आणि त्या वाफाळत्या भागात बोट बुडवलंत. "कोमट आहे."

मी सळई खुपसली आणि आकडा तुमच्यासमोर धरला. तुम्ही आकडा बघितलात, मग स्वतःचं बोट. ते लालसुद्धा झालं नव्हतं.

विहीणबाई, त्या क्षणाची मी वाढदिवसापासून वाट बघत होतो. भरलं घर नसलं तरी सूनबाई होती, खिडकीत शिंपी होता. तोंडात वाक्यसुद्धा तयार होतं. पण तुम्ही दुसरं बोट टेकवलंत, मग तिसरं, मग तळहात, आणि हात पदराला पुसलात, आणि मला वाक्य काही आठवेना. कढया-पातेली उचलून उचलून झालेले हात ते. माझ्यासारखेच.

म्हणून मी एवढंच म्हणालो, "बाही वर करा."

"काय?"

"कोपराच्या वर. तिथे आपण दोघंही अजून माणसं आहोत."

खडू मी शिंप्याकडून मागून ठेवलेलाच होता. तुमची रेघ माझ्यापेक्षा खाली आली, हे मान्य. तुमच्या दंडावर गरम पाण्याचा थेंब टेकला तेव्हा तुम्ही "अगं बाई!" केलंत, ठिणगीने टाळ्या वाजवल्या आणि तिची बाही वर केली. मग आपण बटाटा ताटलीत पसरला आणि दोघं थांबलो. बाह्या वर करून, ताटलीच्या दोन बाजूंना, एखाद्या कुस्तीचे पंच बसावेत तसे. सूनबाईने फोटो काढलाय. मी मोठा करून घेणार आहे.

एक घास तुमच्याकडून, एक माझ्याकडून. आणि मध्येच तुम्ही म्हणालात, "ठिणगे, आ कर बघू." ऐकलं मी. शिंप्यानेही ऐकलं. आता नाकारू नका.

ताटली रिकामी झाल्यावर सूनबाईने विचारलं, "मग, आई?"

"मग काय मग? राहू दे इथेच," तुम्ही म्हणालात. "माणूस हट्टी आहे, पण थांबतो."

हे मी रंगवून दुकानाच्या पाटीखाली लावणार होतो. सूनबाईने नको म्हटलं.

आता बस. दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्ही सगळे तुम्हाला स्टँडवर सोडायला आलो. बस उभी होती, सुटायला वेळ होता. तुम्ही कागदी पेल्यात चहा घेतलात. ठिणगी माझ्या कडेवर होती, पेल्यापासून हातभर लांब, मी काळजी घेतली होती. तुम्ही पेला तोंडाला लावणार, तोच तिने वाकून तुमची बाही धरली आणि वर ओढायला लागली. सोडेचना. सगळा स्टँड बघत होता. तुम्ही इकडेतिकडे बघितलंत, आणि बाही वर केलीत. थेंब टेकवलात. "गार नाही अजून," तुम्ही तिला सांगितलंत, अगदी गंभीरपणे.

कंडक्टरने दारातून हाक मारली, "बाई, येताय ना?"

"थांबा हो, चहा गरम आहे."

"मग फुंकर मारा की!"

आणि तुम्ही, विहीणबाई, वाढदिवसाच्या सूपवर गाल फुगवून फुंकर घालणाऱ्या तुम्ही, वळून त्या माणसाला म्हणालात, "फुंकरीने वरचाच थर गार होतो."

कंडक्टरने माझ्याकडे बघितलं. मी मान ताठ करून उभा होतो. त्याने घंटी मारली आणि बस तुमच्याशिवाय सुटली.

त्यानंतर तुम्ही आठवडाभर आमच्याकडे राहिलात, आणि रोज दुपारी ओट्याशी मला जागा उरली नाही, ह्याबद्दल माझी तक्रार नाही. तुमच्या रिकाम्या बॅगेच्या तळाशी हात घातलात तर एक बारीक सळईचा थर्मामीटर आणि निळ्या खडूचा तुकडा सापडेल. आम्ही तुमच्याकडे येऊ तेव्हा लागेल.

पण लोकांना खरं ते सांगा. बस वेळेवर सुटली. चहा गरम होता.

ठिणगीचा आबा